हिंदुराव काकांची लाल चिठ्ठी

दुपारचे अडीच वाजले होते. आंबेडोहच्या आरोग्य केंद्रात एक माणूस बाकावर बसून अकरावं केळं सोलत होता आणि त्याच्यासमोर उभा असलेला यंत्रमानव अतिशय गंभीर आवाजात सांगत होता, की हा माणूस मरणाच्या दारात आहे.

आता तुम्हीच सांगा, खरं कोणाचं मानायचं? केळ्यांचं की यंत्रमानवाचं?

केळी खाणारे होते हिंदुराव काका, आंबेडोहच्या तालमीचे पैलवान. वजन एकशे अठरा किलो. त्यांच्या शेजारी केळ्यांचा घड धरून त्यांची पुतणी तनुजा उभी होती. वय वर्षं अकरा, आणि तोंड एवढंसं झालेलं.

यंत्रमानवाचं खरं नाव होतं ‘आरोग्यसेवक क्रमांक सतरा’. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला गावाला कुठला वेळ? शिवाय तो बोलायचा छापील पुस्तकासारखा. म्हणून पहिल्याच आठवड्यात गावानं त्याचं बारसं करून टाकलं: सतरापंत. पंतांना गावात येऊन जेमतेम महिना झाला होता. पाठांतर अफाट. अनुभव मात्र नावाला नाही.

“रुग्णाचे तापमान पंच्याण्णव अंश,” सतरापंत म्हणाले. “नाडी मिनिटाला पंचेचाळीस. श्वास मिनिटाला अवघे चार. रक्तदाब मात्र एकशे चौसष्ट. तक्त्यानुसार ही चारही जीवनचिन्हे (शरीराचा कारभार नीट चालल्याच्या मुख्य खुणा) बिघडलेली आहेत. मी लाल चिठ्ठी देत आहे. उडती रुग्णवाहिका बोलावली आहे.”

“आयला!” काका केळं गिळत म्हणाले. “आरं बाबा, मला काय बी झाल्यालं न्हाई. सकाळी हजार बैठका मारून आलोय मी.”

“रुग्ण भ्रमात बोलत आहे,” पंतांनी नोंद केली.

तनुजानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कारण आज गावच्या जत्रेचं कुस्ती मैदान होतं आणि शेवटची, सगळ्यात मोठी कुस्ती काकांची होती. खांदा निखळल्यामुळे तीन वर्षं काका मैदानाबाहेर होते. तीन वर्षं त्यांनी तो खांदा रोज शेकला, रोज चोळला, लहान पोरासारखा रडत रडत पुन्हा उभा केला. तनुजानं ते सगळं पाहिलं होतं. यंदाची कुस्ती खेळून ते लंगोट उतरवणार होते, म्हणजे कुस्ती कायमची सोडणार होते. पण नियम होता: आरोग्य केंद्राची हिरवी चिठ्ठी असल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही. चार वाजता पंच नावांची यादी बंद करणार होते.

“काका, हलू नका इथून,” असं म्हणून तनुजानं केळी बाकावर टाकली आणि धूम ठोकली.

ती थेट सिस्टरआजींच्या दारात. सिस्टरआजी म्हणजे इंदुमती आजी. याच केंद्रात छत्तीस वर्षं परिचारिका होत्या. निम्म्या गावाला त्यांनी टोचलं होतं, त्यामुळे निम्मा गाव त्यांना अजून घाबरायचा. तनुजाची हकिगत ऐकून त्या चपला शोधायला लागल्या.

“आजी, तुम्हीच द्या ना हिरवी चिठ्ठी!”

“मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, बाळ. सही त्या डब्याचीच चालणार. तेव्हा भांडून उपयोग नाही, त्याला पटवून द्यायला हवं. चल.”

दोघी केंद्रात शिरल्या. तनुजा उन्हातून पळत आली होती, धापा टाकत होती. सतरापंतांनी तत्परतेनं तिचं मनगट पकडलं.

“नाडी एकशे चाळीस! श्वास चौतीस! अरेरे, हिलाही दाखल करावे लागेल.”

“अरे शहाण्या, ती पळत आलीय!” सिस्टरआजी कडाडल्या.

पंतांचे निळे दिवे लुकलुकले. “हे मला कोणी सांगितले नाही.”

“तू विचारलंस?”

सतरापंतांनी तनुजाचं मनगट सोडलं. 

“हे बघ,” आजी स्टुलावर बसल्या. “आकडा खोटं बोलत नाही, पण तो अर्धंच बोलतो. उरलेलं अर्धं माणसाकडून काढून घ्यायचं असतं. आधी माणूस बघायचा, मग त्याला विचारायचं, मग हात लावून मोजायचं. तू थेट मोजण्यावर उडी मारलीस. चला, पहिल्यापासून. तापमान कसं घेतलंस?”

“जिभेखाली तापमापी ठेवून. पुस्तकात आहे तसेच.”

“आणि त्याआधी हिंदुरावनं काय खाल्लं, काय प्यायलं?”

तनुजाचे कान लाल झाले. रोज व्यायामानंतर काकांना ठंडाई द्यायचं काम तिचं. बदाम, खसखस, बडीशेप घोटून केलेली, वर बर्फ घातलेली. आज उशीर झाला म्हणून ती भरलेली चरवी घेऊन थेट केंद्राच्या दारात आली होती.

“मी… मी दिली ठंडाई,” ती पुटपुटली. “अख्खी चरवी. तोंड पुसलं आणि लगेच आत गेले.”

“घ्या! म्हणजे आपण मोजली ती ठंडाई!” आजी खो खो हसल्या. “तोंडात थंड काही गेलं, की तोंड गार पडतं. अंग नाही. निदान अर्धा तास थांबायचं. आता वेळ झालाय, लाव बरं पुन्हा.”

तापमापी पुन्हा जिभेखाली गेली. अठ्ठ्याण्णव. पंतांनी ती दोनदा झटकून पाहिली. तरी अठ्ठ्याण्णवच.

“आता श्वास. तो कसा मोजलास?”

“मी रुग्णाला स्पष्ट सूचना दिली, की ‘आता मी आपला श्वास मोजणार आहे.’”

“आणि मग हिंदुरावनं काय केलं?”

“छाती फुगवली,” तनुजा म्हणाली. तिला आठवून हसूच आलं. “छपराकडे बघत बसले. बटण तुटलं शर्टाचं.”

“आता मोजायचंच म्हटल्यावर जरा दम दाखवायला नको व्हय?” काका म्हणाले. “वस्तादांनी शिकवलंय, दम धरायचा तर पुरता धरायचा.”

आजींनी कपाळावर हात मारला. “श्वास ही एकच अशी खूण आहे, जी माणूस स्वतः मागेपुढे करू शकतो. सांगितलं, की तो बदलतोच. म्हणून ते सांगायचंच नसतं. हात धरायचा, नाडी मोजतोय असं भासवायचं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून छातीकडे बघायचं. तनू, तू कर. माझी नजर आता तेवढी राहिली नाही.”

तनुजानं काकांचं मनगट धरलं. अंगठ्याच्या बाजूला, हाडाच्या आत, दोन बोटं टेकवली. आजी म्हणाल्या, “अंगठा नको हं लावू. अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते. मग काकांच्या नाडीत तुझीच मिसळशील.”

बोटांखाली एक ठोका लागला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक ठोका, चांगला दणदणीत. आधी एक मिनिट तिनं नाडी मोजली. मग हात तसाच धरून पुढचं मिनिटभर हळूच छातीकडे बघत राहिली.

“श्वास चौदा,” तिनं सांगितलं. “पण आजी…” तिचा आवाज एकदम पडला. “नाडी खरंच पंचेचाळीस आहे.”

“साठ ते शंभर!” सतरापंतांना जोर चढला. “तक्त्यात स्पष्ट लिहिले आहे. साठ ते शंभर!”

“तक्ता कोणाच्या मापानं केलाय?”

“सर्वसाधारण माणसांच्या.”

“आणि हा तुला सर्वसाधारण दिसतो?”

पंतांनी काकांकडे वरून खाली पाहिलं, मग डावीकडून उजवीकडे पाहिलं. त्याला जास्त वेळ लागला. “पण मी विचारले होते! ‘व्यवसाय?’ असे विचारले. रुग्णाने ‘शेती’ असे उत्तर दिले. शेतकऱ्याची नाडी पंचेचाळीस का असावी?”

“काका!” तनुजा ओरडली. “पैलवान का नाही सांगितलंत?”

“आता गं बाई! कुस्ती हा काय धंदा हाय व्हय?” काका खरोखरच दुखावले. “धंदा शेती. कुस्ती म्हणजे आपला जीव हाय.”

 तनुजाच्या डोक्यात मात्र काहीतरी चमकलं. तालमीच्या दारात एक मोठा रांजण होता. लाल मातीवर शिंपडायचं पाणी त्यात भरून ठेवायचे. तनुजा आपल्या लहान कळशीनं तो भरायची, तेव्हा खेपा घालून घालून तिचे पाय दुखायचे. काका मोठी घागर घ्यायचे आणि तिच्यापेक्षा कितीतरी कमी खेपांत रांजण काठोकाठ.

“आजी, काकांचं हृदय म्हणजे घागर आहे का?”

आजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की तनुजाला वाटलं आपण काहीतरी वेडगळ बोललो. पण आजी म्हणाल्या, “त्या पत्र्याला समजावून सांग.”

“हृदय रक्त ढकलतं ना? माझं हृदय लहान कळशी. त्याला खेपा जास्त. काकांनी वीस वर्षं व्यायाम केला, म्हणून त्यांच्या हृदयाची ताकद वाढली. ते एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. मग ठोके कमी लागणारच. रांजण तर तेवढाच भरायचाय!”

सतरापंतांचे दिवे भराभर लुकलुकले. “साधारण माणूस, सत्तर ठोके. प्रत्येक ठोक्याला सुमारे सत्तर मिलिलिटर. मिनिटाला जवळपास पाच लिटर. हा माणूस, पंचेचाळीस ठोके. प्रत्येक ठोक्याला एकशे दहा धरू. मिनिटाला…” ते थबकले. “जवळपास पाच लिटर!”

“शाबास. पण पैलवान आहे म्हणून डोळे मिटून सोडायचं नाही हं,” आजींनी बोट उगारलं. “हळू नाडी आजारातही असते. विचार त्याला.”

मग पंतांनी आयुष्यातले पहिले खरे प्रश्न विचारले. चक्कर येते का? कधी भोवळ येऊन पडलात का? छातीत दुखतं का? चालताना धाप लागते का? काकांनी प्रत्येकाला “न्हाई” म्हटलं. शेवटी भूक कशी आहे, असं विचारल्यावर त्यांनी बाराव्या केळ्याकडे पाहिलं. पंतांनी हृदयाचा आलेख (ठोक्यांची कागदावर उमटणारी रेघ) काढला. ठोके सावकाश, पण तालात. मग काकांना वीस बैठका मारायला लावल्या. नाडी शहाण्णववर गेली आणि काका बसल्याबरोबर भराभर उतरायला लागली. गरज पडली, की हृदय बरोबर वेग घेत होतं.

तेवढ्यात बाहेर धुरळा उडाला. उडती रुग्णवाहिका अंगणात उतरली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन.

“रक्तदाब राहिला,” तनुजा घाईनं म्हणाली. “एकशे चौसष्ट!”

“एकशे वीसच्या आसपास हवा,” पंत म्हणाले. पण या वेळी ते तिथंच थांबले नाहीत. त्यांनी काकांच्या दंडाकडे पाहिलं. मग हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. मघाशी हा पट्टा त्यांनी तीनदा बांधला होता आणि तीनदा तो टर्रकन सुटला होता. चौथ्यांदा त्यांनी तो हातानं घट्ट धरून ठेवला होता. “आजी, मला वाटते, पट्टा लहान आहे.”

“आता कसं! पट्टा फुगून धमनी (हृदयाकडून रक्त नेणारी नळी) दाबतो. जितका जोर लावल्यावर रक्त थांबतं, तो वरचा आकडा. लहान पट्ट्याला जाड दंडातून आत दाब पोचवायला जास्त जोर लावावा लागतो आणि तू तो जोर रुग्णाच्या नावावर लिहितोस.”

तनुजानं कपाटातून मोठा पट्टा काढला. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती.

“पाठ टेक, हिंदुराव. पाय जमिनीवर. हात टेबलावर, छातीच्या उंचीला,” आजी म्हणाल्या. “आता पाच मिनिटं शांत बसायचं. आणि मोजताना तोंड बंद. मघाशी पट्टा बांधल्यावर काय करत होतास?”

“त्याला कोल्हापुरातल्या कुस्तीची गोष्ट सांगत हुतो. लई रंगात आली हुती.”

ती पाच मिनिटं तनुजाला वर्षाएवढी वाटली. रुग्णवाहिकेतली माणसं स्ट्रेचर घेऊन दारात उभी. त्यांनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा स्ट्रेचरकडे, आणि तीही मनातून काळजीत पडली. काका मात्र बसल्या जागी घोरायला लागले. त्यांना उठवावं लागलं. पट्टा फुगला, सुस्कारा टाकत उतरला.

“एकशे सव्वीस,” सतरापंतांनी वाचलं. “खालचा अठ्ठ्याहत्तर.”

 मग पंतांनी खणातून हिरवी चिठ्ठी काढली, सही केली आणि तनुजाच्या हातात दिली.

“रुग्ण नाही,” ते म्हणाले. “पैलवान.”

तनुजाला एकदम रडू फुटलं. काकांनी तिला उचलून एका खांद्यावर बसवलं. तोच खांदा. आणि तिघं निघाले मैदानाकडे. तिघं, कारण सिस्टरआजींना रुग्णवाहिकेच्या चालकानं गाडीतून नेलं. लहानपणी आजींनी त्याला टोचलं होतं, त्याची नाही म्हणायची छाती झाली नाही. तिसरे होते सतरापंत. मैदानावर वैद्यकीय मदत लागते, असं ते म्हणाले. खरं तर त्यांना कोल्हापूरच्या गोष्टीचा शेवट ऐकायचा होता.

कुस्ती लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोणी हटेना. हलगी कडाडत होती. लाल माती उडत होती. काकांचा तो खांदा प्रतिस्पर्ध्याच्या पकडीत सापडला तेव्हा तनुजानं हाताला आली ती वस्तू गच्च धरली. ती वस्तू म्हणजे सतरापंतांचा हात होता.

पंतांच्या बोटांना तिचं मनगट लागलं. नाडी एकशे बावीस. ती धावली नव्हती. ताप नव्हता. पंतांनी तक्ता उघडला, आणि वाचायच्या आधीच मिटला. वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“तनुजा,” त्यांनी विचारलं, “काय होतंय?”

“काका…” तिनं मैदानाकडे बोट दाखवलं.

त्याच क्षणी काका मातीतून उसळले, वळले, आणि समोरचा पैलवान पाठीवर. चीतपट! फेटे उडाले. मैदान घुमलं. काका खाली वाकून माती कपाळाला लावत होते आणि ढसाढसा रडत होते.

तनुजा नाचत होती. सतरापंतांनी तिचं मनगट सोडलं नव्हतं. नाडी एकशे अडतीस.

त्यांनी नोंद केली: “मुलगी ठणठणीत आहे. काका जिंकले.”

मग थोडा विचार करून त्यांनी तक्त्याच्या सुरुवातीला, तापमानाच्याही वर, एक नवीन रकाना आखला. त्याचं नाव ठेवलं, ‘आधी विचारा’. पुढच्या महिन्यापासून आसपासच्या चाळीस गावांतल्या यंत्रमानवांच्या तक्त्यात तो रकाना आला. त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: रुग्ण शेतकरी असल्यास, तो आणखी काय काय आहे, हेही विचारावे.