खोकल्याच्या आधी

लेकरांनो, हिंगोलीतलं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. दार इतकं अरुंद, की ढोल आत न्यायचा तर आडवा करावा लागतो. दुपारची वेळ. लग्नसराईभर बँडवाल्यांचे भोंगे आणि अँप्लिफायर दुरुस्त करून खाजा मिया पार थकलेत. एकदा स्टुलावर बसले की उठावंसं वाटत नाही. त्यात जुना खोकला.

समोर सेनगावची शिवकन्या, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. उद्यापासून ती बापाच्या बँडमध्ये वाजवणार होती. तिला डिस्टॉर्शन पेडल हवं होतं. पायानं दाबलं की गिटारचा गोड आवाज खरखरीत करतं, ते.

"हे मोठं घे," खाजा मिया म्हणाले.

"बँडच्या पिकअप गाडीमदी पाय ठिवायला जागा न्हाई, चाचा. आन हे बारकं?"

"त्याच्यात बॅटरी बसत न्हाई. चालत्या पिकअपमदी प्लग कुठं लावशील, बापाच्या कानात?"

ती हसली. मग त्यांनी भंगारातून आलेलं तिसरं पेडल काढलं. साबणाच्या वडीएवढं, बिननावाचं, बॅटरीवरचं. वायरी जोडून दिल्या.

शिवकन्येनं पायानं ते दाबलं, तार छेडली. स्पीकरमधून खरखर आली. त्या खरखरीत कुणीतरी खोकलं.

पाठोपाठ खाजा मियांना खोकला आला. तसाच. दोन ठसके, मग एक घोगरा.

"तुमची नक्कल करून राहिलं, चाचा."

"नक्कल मागून करतेत, बेटा. पुन्हा वाजव."

पुन्हा आधी स्पीकर खोकला, मग ते.

त्यांनी पेडल उघडून पाहिलं. चाळीस वर्षं ते हेच काम करत होते. आवाज साठवणारं आत काहीच नव्हतं. त्यांनी स्क्रू परत बसवले.

"हे नको घेऊस."

"काहून? आवाज भारी हाय. सेनगावची जीप निघंल, हेच द्या."

तिनं पुन्हा दाबलं.

या वेळी खोकला लांबला. मग स्टूल पडल्याचा आवाज आला.

थोडा वेळ नुसती खरखर.

मग शिवकन्येचाच आवाज. "चाचा... चाचा... उठा ना."

तिचे ओठ मिटलेले होते.

खाजा मियांनी बॅटरी ओढून काढली. दुकान शांत झालं.

त्यांच्या घशात खवखवू लागलं. स्टुलाच्या कडा त्यांनी दोन्ही हातांनी धरल्या.

शिवकन्येनं गिटार खाली ठेवली, आणि दोन्ही तळहात आपल्याच तोंडावर घट्ट दाबून धरले.