केतकीनं मागे ओढलेलं ताट

"डुकराचं मांस न वापरता बेकन करता येईल?"

केतकीनं विचारलं तेव्हा चांद्रवसाहतीच्या स्वयंपाकघरात आजोबा आणि बल्लव दोघंच होते. आजोबा अन्नरसायनतज्ज्ञ, म्हणजे चव कशी तयार होते ते शोधणारे. बल्लव हा स्वयंपाकी यंत्रमानव. स्वयंपाकी झालेल्या भीमाचं नाव मिळाल्यापासून स्वारी पोळ्या जरा जाडच लाटायची.

"हे आज कुठून आलं डोक्यात?" आजोबांनी विचारलं.

केतकीचं तोंड एवढंसं झालं. डेन्मार्कहून नव्यानं आलेल्या मिकेलनं आजीनं दिलेला बेकनचा डबा सोमवारी मोठ्या हौसेनं सगळ्यांपुढे धरला होता. केतकीनं झटकन आपलं ताट मागे ओढलं. मग तिच्याबरोबर जेवणाऱ्या नफीसा, जिनय आणि लीनानंही ओढलं. तेव्हापासून मिकेल एकटाच जेवत होता, आणि आता रविवारच्या यानानं घरी परत जायचं म्हणत होता.

"तू मांस खात नाहीस, त्यात काही वावगं नाही," आजोबा म्हणाले. "पण ताट ओढलंस ते चुकलंच."

"माहितीय. म्हणून तर आलेय ना!"

"मग ऐक. बेकन म्हणजे मिठात मुरवलेली, धुरी दिलेली आणि कुरकुरीत परतलेली मांसाची पट्टी. यातलं मांस काढलं तर काय उरलं?"

"मीठ, धूर, कुरकुरीतपणा... आणि चरबी?"

"शाब्बास! शिवाय खरपूसपणा. तापवलं की प्रथिनं आणि साखर यांच्यात अभिक्रिया (जुन्या पदार्थांपासून नवे पदार्थ तयार होणं) होते. रंग तांबूस होतो, घमघमाट सुटतो. पोळीवरचे डाग तेच. ही चव मांसाखेरीजही जमते."

बल्लव पर्याय सुचवू लागला. हलाल टर्की? नफीसाला चालेल, केतकीला नाही. अळिंबी, म्हणजे मशरूम? जैन असलेल्या जिनयला चालत नाही.

"प्रत्येकाला वेगळं करू?" बल्लवनं विचारलं.

"नको रे! वेगळी ताटं तर आत्ताही आहेत," केतकी म्हणाली आणि एकदम थांबली. "आजोबा, खोबरं? त्यात तेल आहे, कुरकुरीतही होतं!"

खोबऱ्याचे पातळ काप झाले. त्यांना मीठ आणि काकवी चोळून बल्लवनं ते तांबूस भाजले. उरला धूर. वसाहतीत उघड्या आगीला बंदी, म्हणून बंद पेटीत विजेवर करवंटीचा तुकडा लाल केला. आजोबांनी सवयीनं त्यावर तुपाचा चमचा नेला.

"थांबा! तूप दुधाचं. लीनाला दूध चालत नाही," बल्लव म्हणाला.

आजोबांनी जीभ चावली. केतकीनं खोबरेल तेल पुढे केलं. चर्र झालं आणि धूर कापांवर पसरला.

दुपारी केतकी आपलं ताट घेऊन थेट मिकेलशेजारी बसली. "परवा मी फार वाईट वागले. हे खाऊन बघ. आपण सगळेच खाऊ शकतो."

मिकेलनं एक काप चावला. बाकीचे तिघंही माना वळवून बघू लागले.

"आजीच्या बेकनसारखं नाही," तो म्हणाला. केतकीनं मान खाली घातली. पण त्यानं दुसरा काप उचलला, मग तिसरा. "पण वास घरचाच आहे."

बघता बघता उरलेल्या तिघांचीही ताटं एकेक करून त्याच्या ताटाला येऊन भिडली.

"केतकी, तुझी ती शेंगदाण्याची चटणी असते ना," मिकेल म्हणाला, "मला शेंगदाणे चालत नाहीत. तरी तिची चव बघता येईल? रविवारी नको. पुढच्या आठवड्यात, सावकाश."

केतकीनं वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आजोबांनी केव्हाच वही उघडली होती.