दोनशे ग्रॅम

साखरखेर्ड्याच्या बाजारात कडूबा मापाऱ्याच्या हाताला काट्याइतकाच मान होता. तीस वर्षं अडत दुकानात सोयाबीन, तूर, हरभरा तोलून त्याचा तळहात असा तयार झाला होता की मूठभर दाणे उचलून तो वजन सांगायचा आणि लोक हौसेनं ते काट्यावर ठेवून बघायचे. पहिलं माप टाकताना मापारी 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. कडूबानं ही सवय घरीही आणली होती. रोज सकाळी दुकानात निघण्याआधी तो बाळंतिणीच्या खोलीत जायचा, नातीला दोन्ही तळहातांवर उचलायचा आणि म्हणायचा, "लाभ!"

"लेकराले असं तोलू नाही," त्याची बायको रुखमाबाई कुरकुरायची.

"तोलतो कुठं? अंदाज घेऊन राह्यलो."

करिष्मा, त्यांची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई शिवम चाकणला कारखान्यात. येता नाही आलं तरी बायकोचं तोंड दिसावं म्हणून त्यानं तिला नवा फोन घेऊन दिला. कडूबानं तोही हातात घेऊन थट्टेनं सांगितलं होतं, "कव्हरासकट दोनशे ग्रॅम." पैज लावून दुकानातल्या काट्यावर ठेवला, तर दोनशेच भरला.

तो फोन करिष्माच्या हातून सुटत नसे. पोर पदराखाली घेतली की डावा हात पोरीला, उजवा फोनला. अंगठा खालून वर, खालून वर. पोर पिता पिता आईच्या तोंडाकडे टक लावून बघायची. बराच वेळ बघायची. मग दमून भिंतीकडे वळायची. कडूबाला हे बघवत नव्हतं, पण हंगामात अंग मोडून गेलेलं, रुखमाबाईची कंबर धरलेली आणि करिष्माचे डोळे जागरणानं सुजलेले. त्या घरात भांडायचं बळ कुणात उरलं नव्हतं.

महिन्याची झाली तेव्हा पोर तीन किलो शंभर होती. पुढच्या आठवड्यात एका सकाळी कडूबानं तिला उचललं आणि त्याच्या तोंडातला 'लाभ' अर्धाच राहिला.

"पोर हलकी झाली वो," तो म्हणाला.

"तुमचा हात म्हातारा झाला," रुखमाबाई म्हणाली.

अंगणवाडीच्या धम्मशीलाताई वजन करायला आल्या. दोन किलो नऊशे. बरोबर दोनशे कमी. डॉक्टरांनी तपासलं. दूध भरपूर आहे, पोर पितेही नीट, मग वजन का उतरतं, ते त्यांनाही सांगता येईना.

त्या दुपारी करिष्मा बसल्या बसल्या पेंगली आणि फोन गोधडीवर घसरला. कडूबा तो बाजूला ठेवायला वाकला. उचलला, आणि तसाच उभा राहिला. हाताला वजन जास्त लागत होतं. त्यानं डाव्या हातात घेऊन पाहिला. मग सदऱ्याच्या खिशात घालून तो तडक दुकानात गेला.

काट्यावर आकडा आला: चारशे.

त्यानं काटा बंद करून चालू केला. किलोचं माप ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता. फोन पुन्हा ठेवला. चारशे.

परत येऊन तो लेकीच्या बाजेजवळ बसला. आतून पार घाबरला होता.

"बाई, हा फोन काही दिवस मले दे."

"काऊन?"

"पोरीसाठी दे."

करिष्माचे डोळे एकदम भरून आले. "बाबा, रातभर ही पोर झोपू देत नाही. दिवसभर कोनी बोलायले नाही. मले तेवढंच तर आहे!"

"मी बोलत जाईन तुह्यासंग."

शेवटी तिनं फोन दिला. कडूबानं तो स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पुरला आणि झाकण लावलं. शिवमला सांगितलं, आता माझ्या साध्या फोनवर बोलत जा.

पहिला दिवस करिष्मा रडली. दुसऱ्या दिवशी पोरीला पाजताना तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हिच्या कानामागं तीळ आहे. मी पाह्यलाच नोहता." कडूबाला इतकं हलकं वाटलं की तो बाजारात शीळ घालत गेला.

चौथ्या सकाळी धम्मशीलाताई पुन्हा आल्या. पोरीला काट्यावर ठेवलं. काढलं. काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं.

"तीन किलो तीनशे," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांत?"

"भरून आली माय माही," रुखमाबाई हसली. ताई हसल्या नाहीत. वहीत लिहिलं आणि चहा न घेता गेल्या.

कडूबा हिशोब करत उभा होता. गेलेले दोनशे परत आले. मग वरचे दोनशे कुठले?

तो कोठीपाशी गेला. झाकण काढलं. ज्वारीत हात घातला.

फोन हाताला लागला. त्यानं उचलला.

हाताला काहीच वजन लागलं नाही.

दुसरा हात रिकामा होता. दोन्ही हात त्याला सारखेच लागले.

तो खोलीत आला. करिष्मा कित्येक दिवसांनी गाढ झोपली होती. पोर जागी होती. त्यानं तिला उचललं. 'लाभ' म्हणायला त्याचं तोंड उघडलं नाही.

पोर त्याच्याकडे बघत नव्हती. तिची चिमुकली मूठ उलगडली आणि अंगठा त्याच्या मनगटावर टेकला. खालून वर सरकला. थांबला. पुन्हा खालून वर.

"बाई," त्यानं हाक मारली. "ए माय."

अंगठा थांबला नाही.