ओढशामक

सकाळचे सात वाजायचे होते आणि सुकुमार मगदूमच्या परसात मारामारी जुंपली होती.

मारामारी पाखरांची. अंगठ्याएवढा जीव, वजन चार चिंचोक्यांचं, आणि भांडण मात्र पैलवानांना लाजवील असं. इंग्रजीत त्यांना हमिंगबर्ड म्हणतात. मराठीत कुणा हौशी माणसानं गुंजनपक्षी असं गोड नाव देऊन ठेवलंय. त्यानं बहुतेक ती चित्रातच पाहिली असणार. लाल बाटलीपाशी एक नर ठाण मांडून बसतो. बाटलीतलं साखरपाणी त्याच्यासारख्या पन्नास जणांना पुरेल, पण हा पठ्ठ्या घोटभर पिणार आणि उरलेला दिवस इतरांना हाकलण्यात घालवणार. तेही नुसतं हाकलणं नाही, चोच थेट डोळ्याच्या रोखानं.

अक्काताई मगदूम व्हरांड्यात खुर्ची टाकून हे रोज बघायच्या. वय एकाहत्तर, गाव कुरुंदवाड, निम्मा जन्म गुऱ्हाळाच्या धगीत गेलेला. एप्रिलमध्ये त्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी टेक्सासला आल्या होत्या. घर समुद्राकाठच्या एका लहान गावात होतं.

"भाऊबंदकी आहे नुसती," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबनं आलेली पाखरं. ह्यांना फुडं जायचं न्हाई का रं?"

"जावंसं वाटतच नाही त्यांना," सुकुमारनं चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "तीच तर करामत आहे."

करामत त्याचीच होती. ही पाखरं दर वर्षी सप्टेंबरात या किनाऱ्यावर जमतात, खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि एका संध्याकाळी समुद्रावर झेप घेतात. पलीकडचा मेक्सिकोचा किनारा आठशे किलोमीटर दूर. वाटेत टेकायला काडी नाही. निघण्याआधी त्यांच्या अंगात एक अस्वस्थता भरते. झोप उडते. पिंजऱ्यात कोंडलं तरी ज्या दिशेला जायचं त्याच बाजूच्या गजांवर ती आपटत राहतात. शास्त्रज्ञ त्याला प्रवासओढ म्हणतात. सुकुमारच्या कंपनीनं ती ओढ मेंदूत नेमकी कशानं पेटते हे हुडकून काढलं आणि ती विझवणारं द्रव्य तयार केलं. वेदना शमवतं ते वेदनाशामक, तसं हे ओढशामक. पुडी साखरपाण्यात मिसळायची, लाल बाटली परसात टांगायची, थंडीसाठी शेजारी एक ऊबदिवा लावायचा. पाखरं मुक्काम हलवत नाहीत. अंगणात बारमाही गुंजनपक्षी, अशी जाहिरातही तयार होती. फक्त चाचणी पुरी व्हायची होती, आणि ती याच परसात चालू होती. एकशे सेहेचाळीस पाखरांच्या पाठीवर मोहरीहून बारीक मागकण चिकटवले होते. कोण कुठं आहे ते स्वयंपाकघरातल्या पडद्यावर हिरव्या ठिपक्यांनी दिसायचं. आता सप्टेंबर संपत आला होता आणि सगळे ठिपके परसातच होते.

"त्यांना वाटतं, आपण पोचलो," सुकुमार म्हणाला. "तडफड नाही, त्रास नाही."

"पोचली कुठं पण? हितंच तर हाईत."

"त्यांना काय फरक पडतो?"

अक्काताई गप्प बसल्या. एरवी बसल्या नसत्या; या बाईची जीभ साऱ्या कुरुंदवाडला माहीत. पण ऑगस्टपासून त्या निवल्यासारख्या झाल्या होत्या. जूनमध्ये त्या कॅलेंडरवर रोज काट मारायच्या, धाकट्या बहिणीला, चंपाबाईला, दिवसातून दोनदा फोन लावायच्या आणि मुलाशी उभा दावा मांडायच्या. "मला माझ्या घरी जाऊ दे." त्यावर मुलाचं उत्तर ठरलेलं, "तिथं आहे कोण? बाबा गेले, गुऱ्हाळ बंद पडलं. गुडघे धरून एकटी मरशील." आईच्या तोंडावर असं बोलणारा मुलगा. बाई न्हाणीघरात नळ सोडून रडायच्या आणि बाहेर येऊन पुन्हा भांडायच्या.

मग जुलैच्या अखेरीस तो सकाळचा चहा स्वतः करून द्यायला लागला. न सांगता, न चुकता. बाईंना केवढं अप्रूप. "पोरगा हातात चहा आणून देतोय," त्यांनी चंपाबाईला मुद्दाम फोन करून सांगितलं. हळूहळू कॅलेंडरवर काट मारणं थांबलं, फोन थांबले, आणि एक दिवस त्यांनीच सांगितलं, तिकीट रद्द कर, मी राहते. सुकुमारनं त्याच मिनिटाला रद्द केलं.

चहा झाल्यावर तो कामाचं बोलला. सहा दिवस त्याला कंपनीच्या मुख्य कचेरीत जायचं होतं. "रोज सकाळी आठ बाटल्या भरायच्या. फ्रीजमध्ये पुड्या आहेत, बाटलीला एक. आणि तुझ्या चहाला निळ्या डब्यातलीच साखर घे. गूळ नको, दूध फुटतं."

गुळानं दूध कधी फुटतं आणि कधी नाही, हे गुऱ्हाळवालीला शिकवायला निघाला होता.

पहिल्या दिवशी अक्काताईंनी पुडी फोडली आणि वास घेतला. दवाखान्याचा वास. हे असलं काहीतरी परमुलखातनं आलेल्या पाखराच्या तोंडात घालायचं? त्यांच्या घरी दारात आलेल्या माणसाला, मग तो पाहुणा असो की ऊस तोडणारा, आधी गूळ-पाणी मिळायचं. नाव-गाव नंतर विचारलं जायचं. सोबत आणलेले गुळाचे दोन रवे, म्हणजे लहान ढेपा, ट्रंकेत तसेच पडले होते. बाईंनी पुड्या पुन्हा फ्रीजमध्ये ठेवल्या, पातेल्यात पाणी उकळलं, गूळ विरघळवला, गाळून गार केला आणि आठही बाटल्या भरल्या. पातेलं शेगडीवर होतंच, तर आपला चहाही गुळाचाच केला. दूध अर्थातच फुटलं नाही.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पाखरांची भांडणं थांबली. बाटलीपाशी बसणारा नर बसेना. सगळीच उगाच उडायची, फांदीवर यायची, परत उडायची, आणि बसली की तोंड दक्षिणेला.

चौथ्या दिवशी सकाळी अक्काताईंना जाग आली ती छातीत कळ आल्यासारखी. त्या घाबरल्या. मग कळलं, दुखणं ओळखीचंच आहे. घर. ओसरीवरचा गारवा, बंद दार, नदीवरचा घाट, चंपी. सात आठवडे चंपीला फोन केला नव्हता. त्यांनी लगेच लावला.

"जित्ती आहेस व्हय?" पलीकडून चंपाबाई कडाडल्या. "माझं डोळ्याचं आपरेशन झालं. साधं विचारलं न्हाईस. मी म्हटलं, झाली आमची अक्का अमेरिकेची."

अक्काताईंना आपरेशनची तारीख पाठ होती. त्या ती विसरल्या नव्हत्या. ती आली आणि गेली, आणि आपल्याला काहीच वाटलं नाही, एवढंच त्यांना आठवलं. आपलीच त्यांना किळस आली.

त्याच संध्याकाळी पाखरं गेली. परस दहा मिनिटांत रिकामं झालं. आत पडद्यावर हिरवे ठिपके समुद्रावर सरकत होते. बाई बघत उभ्या राहिल्या. पाखरांचं पाणी बदललं आणि ती उठली. माझा चहा बदलला आणि मी उठले. हिशेब मांडायला त्यांना शास्त्रज्ञ लागला नाही.

पाचव्या दिवशी झुडपांखाली नऊ पाखरं मेलेली सापडली. चोची उघड्या, जिभा सुजलेल्या. अक्काताई जैनाघरच्या. मुंगीवर पाय पडला तर हळहळणारी बाई. त्यांनी खड्डा काढून ती पुरली, बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या आणि जेवण सोडलं.

सहाव्या दिवशी दुपारी सुकुमार आला. आईकडे बघायच्या आधी त्यानं पडद्याकडे बघितलं.

"काय घातलंस बाटल्यांत?"

"गूळ-पाणी."

"गूळ?" त्यानं बॅग जमिनीवर आपटली. "अगं गुळात लोह असतं, त्यांना ते झेपत नाही. उन्हात आंबतो तो, बुरशी धरते. इथलं शाळेतलं पोरही गूळ घालणार नाही. एक काम सांगितलं होतं तुला. पाखरांवरची दोन वर्षांची मेहनत सहा दिवसांत मातीत घातलीस."

"नऊ जीव मेले माझ्या हातनं," अक्काताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "कालपासनं पोटात अन्न न्हाई. त्याचं माझं मी भोगीन. आता तुझं बोल. निळ्या डब्यात काय हाय?"

त्यानं खोटं बोलायची तसदीसुद्धा घेतली नाही. "अगदी थोडं. माणसाला चालेल एवढंच."

"माझं माप काढून घातलंस व्हय?"

"तू रोज रडत होतीस, आई. मला ऐकू यायचं. ऑगस्टमध्ये तू हसायला लागलीस. आणि तिकीट रद्द कर असं तूच म्हणालीस."

"मी म्हटलं का तुझ्या पुडीनं?"

"सुखात होतीस ना? मग झालं तर."

"चंपी आंधळी झाली असती तरी मी सुखातच असते," त्या म्हणाल्या. "आग लाव तुझ्या सुखाला. आईच्या चहात औषध घालतोस. आणि मी मेली गावभर सांगत सुटले, पोरगा चहा देतोय म्हणून."

त्याच्या तोंडावर ना शरम होती, ना राग. मेहनत वाया गेल्याची चीड होती, तीही आता उतरत चालली होती. अक्काताई त्याच्याकडे बघत राहिल्या. हे तोंड त्यांनी गेली तीन-चार वर्षं फोनवर पाहिलं होतं आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. सून वैशाली दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली, तेव्हा फोनवर म्हणाली होती, मी घरात असले काय, नसले काय, ह्यांना कळतच नाही. तेव्हा त्यांनी सुनेलाच झापलं होतं.

"तुझ्या बापाला दवाखान्यात नेलं," त्या सावकाश म्हणाल्या, "तवा तुला मी अकरा फोन केले. अकराच्या अकरा उचललेस. दर वेळी विचारलंस, जेवलीस का, आणि ठेवून दिलास. आला न्हाईस. तीन वर्षं मी तुला दगड म्हणत आले. खरं सांग. तू कधीपासनं घेतोयस हे?"

"चार वर्षं." तो खुर्चीत बसला. "पहिली चाचणी आम्ही स्वतःवरच केली. घरची आठवण यायची बंद झाली, कामात लक्ष लागायला लागलं. मग सोडलंच नाही."

अक्काताईंचा राग उतरला नाही. तो आता कुणावर काढायचा तेवढंच कळेना. "सोड ते. आजपासनं."

"आणि सगळं एकदम आलं म्हणजे?" त्यानं पडद्याकडे हात केला. "बघ तुझी पाखरं. ओढ नव्हती म्हणून अंगावर चरबी साठवली नव्हती. ओढ आली तशी निघाली. समुद्रात वादळ होतं. एकशे सदतीस गेली, पलीकडे बावन्न लागली. चार वर्षांचं मी एका दिवसात कसं झेलू?"

अक्काताई ओट्याकडे वळल्या. निळा डबा तिथंच होता. तो मोरीत ओतावा, साधी साखर भरून ठेवावी आणि ब्र काढू नये, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. हात पुढं झालासुद्धा. पण पोराला न विचारता हे केलं, तर तो आणि मी एकाच माळेचे मणी. त्यांनी डबा उचलून त्याच्यासमोर टेबलावर आदळला.

"तुझं तू ठरव. माझं तिकीट काढ."

तिकीट नऊ दिवसांनंतरचं मिळालं. ते नऊ दिवस त्या घरात कामापुरतंही कुणी धड बोललं नाही. चहा ज्यानं त्यानं आपला केला. तो काय घालून पितो, हे अक्काताईंनी बघितलं नाही, आणि बघायचं नाही यासाठी रोज पाठ फिरवून उभं राहायला त्यांना फार जड गेलं. एकदा त्यानं विमानाची वेळ दोनदा विचारली. एकदा भरल्या ताटावरून उठून गेला. अक्काताईंनी ते आपल्यावरचा राग म्हणून सोडून दिलं.

विमानतळ साडेतीन तासांवर होता. अर्धी वाट सरली. मग सुकुमारनं एकाएकी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. दोन्ही हात चाकावरच राहिले.

हा आता राहा म्हणणार, अक्काताईंनी ओळखलं. उत्तर त्यांनी नऊ दिवस घोटून ठेवलं होतं, चांगलं झोंबेल असं. त्या त्याच्याकडे वळल्या. त्याचा सगळा चेहरा भिजला होता. बाप गेल्यापासून तीन वर्षांत या मुलानं त्या मरणाबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

"आई," तो म्हणाला, "बाबांच्या कानात शेवटचा णमोकार मंत्र कुणी म्हटला?"