सुईच्या जागी काडी

"उद्या म्हणजे नक्की कधी, मास्तर?" रतन दुकानाच्या पायरीवरूनच कडाडली. "ही माझी चौथी खेप!"

"ब्लाऊजची हातशिलाई तेवढी राहिली हाय... उद्या या की." गोरक्षनाथ शिंपी मान खाली घालून मशीन चालवत राहिला.

रतनचं डोकं आधीच तापलेलं. लोलक टांगलेली जागा भराभर वर-खाली हलवली, तर लोलक डोकं वर करून उलटा उभा राहतो, असं तिनं कॉलेजात भौतिकशास्त्राच्या वर्गात सांगितलं, आणि सर खो खो हसले. "सोमवारी दाखव, नाहीतर सगळ्यांसमोर माफी माग!" तिचं गणित बघायची तसदीसुद्धा घेतली नाही त्या माणसानं! अख्ख्या संगमनेरातल्या पुरुषांना छळायला आपणच सापडलो का?

ती आणखी फैलावर घेणार, तोच... तिची नजर खिळली. खाली-वर, खाली-वर, धडाधड!

"असं काय बघताय?" गोरक्षनाथ लाजला.

"तुमच्याकडे नाही. सुईकडे!"

तिनं सगळं सांगितलं. तो तिच्याहून जास्त भडकला. "खरं बोलून वर माफी मागायची? ह्यो कुठला न्याय?" त्यानं सुई काढली, तिथं तारेची कडी बसवली आणि कडीत बोटभर काडी लोलकासारखी सैल अडकवली.

काडी पडली. पुन्हा पडली.

"अजून जोरात, मास्तर!"

त्यानं दात-ओठ खाऊन पाय मारले, आणि काडी ताठ उभी राहिली! रतननं आनंदानं त्याचा खांदा धरला... आणि चटकन सोडला.

सोमवारी मशीन हातगाडीवरून कॉलेजात गेलं. भर वर्गात गोरक्षनाथनं पाय मारले, आणि काडी उभी राहिली.

"आता पाय थांबव," सर म्हणाले. काडी कलंडली. "बघा, पडली!"

गोरक्षनाथ उठला. "हलवल्यावर उभी ऱ्हाती, असंच त्या म्हनल्या हुत्या. माफी मागायची तर तुमी मागा, सर."

सरांनी माफी मागितली नाही. पण रतनलाही मागावी लागली नाही.

दुकानात परतल्यावर त्यानं खणातून कागदात बांधलेला ब्लाऊज काढला. "ह्यो... पयल्याच दिशी झाल्ता. तुमी परत यावं म्हनून..."

"म्हणजे माझ्या खेपा उगीच?"

"उगीच न्हाई. मला तुमी आवडता."

रतनला सणसणीत राग आला. आणि असा राग आयुष्यभर यावा, असंही वाटलं. तिनं पुडकं न उघडताच मशीनवर आपटलं.

"बाही सैल आहे. उसवा!"

"अवो, घालून तरी बघा—"

"सैल आहे म्हणते ना! उद्या येते मी. आणि परवासुद्धा."