पुढच्या काठीचा आवाज

मेलेल्या माणसानं पोराबाळांच्या वाटेत येऊ नये, एवढी साधी अक्कल आमच्या म्हाताऱ्याला नाही. जिवंतपणीही नव्हती, तो भाग वेगळा.

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्यानं लडाखात, आमच्या झंस्कारला यावं, माझ्या सुनेच्या डोळ्यांत बघावं आणि मग तोंड उघडावं.

गेल्या फेब्रुवारीत घडली. न्येरक गावाखालच्या नदीच्या वळणावर. ऐन दुपारी, लखलखीत उन्हात.

माझा मुलगा नोर्फेल, सून कुंझेस आणि नात ल्हामो लेहला निघाले होते. ल्हामोला शाळेच्या वसतिगृहात सोडायचं होतं. वरचा रस्ता बर्फाची दरड कोसळून बंद. मग उरली गोठलेली नदी. तिच्यावरून चालतच आमच्या पिढ्या गेल्या.

पण तेव्हा बर्फ बर्फासारखा होता. वरून याक नेला तरी हूं की चूं नाही. आता उशिरा धरतो, लवकर सुटतो, आणि मधले दिवस दुधावरच्या सायीसारखा असतो. फुंकर मारली की सुरकुतला.

नोर्फेल पुढे. पोर पाठुंगळीला, शालीनं बांधलेली. काठी आपटत चालला होता. भरीव आवाज आला की पाय टाकायचा. पोकळ आला की मागे फिरायचं.

वळण आलं…

आणि पुढून दुसऱ्याच काठीचा आवाज आला.

टक टक… खर्र.

दोन ठोके, मग घासल्यासारखं.

"आबा-ले…" नोर्फेल पुटपुटला.

त्याचा बाप. तुंडुप. अख्ख्या खोऱ्याला नदीवरून नेणारा. ल्हामो जन्मायच्या आधीच गेला. नदीत नाही, घरात. अंथरुणात, पोटभर चहा पिऊन. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्याच्या नावाचा लोण्याचा दिवा लावायचे.

आमची एक रीत आहे. पुढे जाणता माणूस ठोके देत असला, की मागच्यानं आपली काठी खांद्यावर ठेवायची. त्याच्यामागून ठोकणं म्हणजे त्याला तोंडावर मूर्ख म्हणणं. तुंडुपनं तर एकदा सख्ख्या मेहुण्याची काठी हिसकावून मोडली होती. माझ्या भावाची!

नोर्फेलनं काठी खांद्यावर ठेवली.

"अहो, कुणाच्या मागे निघालात?" कुंझेस ओरडली. "पुढे कुणी नाहीये!"

"ऐकू येत नाही का तुला? भरीव आवाज आहे. आबांची काठी आहे ती."

"मग पावलं कुठायत त्यांची?"

नव्हती.

सकाळी भुरभुरलेला बर्फ कोरा होता…

आणखी एक. त्या घळीत नुसतं खोकलं तरी समोरचा कडा खोकतो. कुंझेसचं ओरडणं तीनदा परत आलं.

त्या ठोक्यांना मात्र पडसादच नव्हता…

ल्हामो हसायला लागली.

"आमा, मेमे बोलावतायत."

मेमे म्हणजे आजोबा. जन्मात न पाहिलेले.

कुंझेसनं रीत खड्ड्यात घातली. आपली काठी नवऱ्याच्या मागेच दाणकन आपटली.

ढब.

पोकळ.

"थांबा!"

पण त्याचा पाय पडला होता.

बर्फ फुटला. नोर्फेल कमरेपर्यंत आत. कुंझेस पालथी पडली, शाल धरून तिनं आधी पोर ओढली, मग काठी पुढे करून नवरा.

पुढे काळं पाणी उघडं पडलं होतं. पार पलीकडच्या कड्यापर्यंत…

आणि त्या उघड्या पाण्यावरून आवाज लांब लांब जात होता.

टक टक… खर्र.

भरीव. जाड बर्फावर यावा तसा.

सुनेनं हे सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हातारा त्याच्या वेळच्या बर्फावरून चालतोय. तो बर्फ आता तिथे नाही, हे त्याला ठाऊकच नाही. आणि त्याला सांगणार कोण? कुणाचं ऐकून घेतलंय कधी?

डॉक्टरांनी नोर्फेलचं थंडीनं काळं पडलेलं अर्धं पाऊल कापलं. तरी मी म्हटलं, गेलेल्या माणसाशी काय भांडायचं.

मग एके दिवशी, शाळा हुकल्यानं घरीच राहिलेली ल्हामो जेवता जेवता थांबली. चमचा जमिनीवर आपटला.

टक टक… खर्र.

"हे कुणी शिकवलं गं?"

ती खिडकीतून नदीकडे बघत राहिली.

मी तशीच उठले आणि नदीवर गेले.

बर्फ कधीच सुटला होता. पाणी खळाळत होतं. वर ऊन.

थोड्या वेळानं आवाज आला. पाण्यातून नव्हे. पाण्याच्या वर, माझ्या कमरेइतक्या उंचीवरून…

जन्मभर नवऱ्याला अहो-जाहो केलं. त्या दिवशी नाही.

"तुंडुप," मी मोठ्यानं म्हटलं, "तुला आता नदीतलं काही कळत नाही. आजपासून तुझ्या नावाचा दिवा बंद."