ओलीस धरलेलं साळिंदर

लिफ्टचं दार मिटता मिटता मध्ये पडद्याचा एक लांबलचक रॉड घुसला. त्याच्यामागून चष्मा, आणि चष्म्यामागून तो.

"सॉरी हं... जरा तिकडे सरकता का? नाहीतर हा तुमच्या डोळ्यात जाईल."

खारू सरकली नाही. सरकणार कशी? तान्हं बाळ छातीशी धरावं तसा तिने कॉम्प्युटरचा सीपीयू दोन्ही हातांनी कवटाळला होता. केसांत मातीचे कण, गालावर निळ्या रंगाचा फराटा, आणि डोळे असे की आत्ता रडेल की आत्ता चावेल, सांगता येऊ नये.

"याला काय झालं?" त्याने सीपीयूकडे पाहत विचारलं. आजारी नातेवाइकाची चौकशी करावी, तसं.

"ओलीस धरलंय," ती म्हणाली. "म्हणजे याला नाही, आतल्या साळिंदराला."

कोणीही हसलं असतं. तो हसला नाही. उलट त्याचा चेहरा एकदम बदलला.

"सगळ्या फाइल्सच्या नावांना विचित्र शेपट्या लागल्यात? एकही उघडत नाही? आणि स्क्रीनवर पैशांची धमकी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझं पोटच त्यावर आहे हो. एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळतो मी. तुमच्या समोरच्याच घरात राहायला आलोय. हा रॉड लांब झाला, तो बदलायला चाललोय." लिफ्ट खाली निघाली होती. "नेटची वायर काढलीत?"

"सगळ्याच वायरी काढल्या. आणि निघाले दुकानात."

"शाब्बास! आणि घरी कोण आहे आता?"

"बाबा. ते म्हणाले, तू दुकानात जा, तोवर मी बघतो..."

"काय बघतो?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिफ्ट तळमजल्याला टेकली. त्याने वरचं बटण दाबलं, एकदा, दोनदा, चिडून तिसऱ्यांदा. तेवढ्यात दोन म्हाताऱ्या भाजीच्या पिशव्या घेऊन आत शिरायला लागल्या, आणि त्यातली एक मैत्रिणीच्या दुखऱ्या गुडघ्याची वाट पाहत दार धरून उभी राहिली.

"जिना!" खारू ओरडली.

रॉड तिथेच भिंतीला टेकवून, सीपीयू तिच्या हातातून घेऊन तो धावत सुटला. आणि ती त्याच्या पुढे!

घरात बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते. फोन नाकाशी, चष्मा कपाळावर. निवृत्त होईपर्यंत नकाशे काढण्यात आयुष्य गेलेला माणूस. एकेक अक्षर कोरून लिहायची सवय.

"बाबा, काय करताय?"

"त्या लोकांना मेल लिहितोय. 'महोदय, आपण म्हणता ती रक्कम आम्ही देऊ, परंतु कृपया माझ्या मुलीचं काम सुखरूप...'"

"पाठवू नका!" दोघं एकदमच ओरडले.

बाबांचा अंगठा हवेतच थांबला. मग त्यांनी फोन हळूच उलटा ठेवला. "चूक माझी आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "'तुमचं पार्सल अडकलंय, बिल पाहा' असा मेल आला. मला वाटलं, खारूच्या रंगांचंच पार्सल असेल. उघडलं मी."

तो त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. "काका, तो मेल लिहिलेलाच असतो माणसाने उघडावा म्हणून. आपल्याला ते बिल वाटतं, पण तो असतो प्रोग्रॅम. मागच्याच महिन्यात माझंही बोट अशाच एका बिलावर जाऊन थांबलं होतं. पण पैसे द्यायचे नाहीत. आपण चोराच्या शब्दावर विसंबणार का? पैसे घेऊनही ते किल्ली देतीलच असं नाही, आणि देणारं घर सापडलं की पुन्हा त्याच दारात येतात. सायबर पोलिसांत तक्रार मात्र आजच करायची."

"मग काय करायचं?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. तिने या पाहुण्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळलं होतं. "आणि तुम्ही कोण? डॉक्टर?"

"कॉम्प्युटरचा," खारू म्हणाली.

त्या दिवसापासून त्या घरात तो 'डॉक्टर'च झाला.

*

साळिंदराची गोष्ट अशी. एका जागी दोन क्षण न बसणारी ही मुलगी, म्हणून तर तिचं नाव खारू, गेलं जवळजवळ वर्षभर घरातल्या मागच्या खोलीत पडदे ओढून बसली होती. मातीचं साळिंदर, पाठीवर दात कोरायच्या काड्यांचे काटे. त्याला केसभर हलवायचं, फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. हजारो फोटो झाले की मिनिटभर साळिंदर चालतं! त्याचं एका लाल फुग्यावर प्रेम बसतं आणि बिचाऱ्याला जवळ जाता येत नाही, अशी ती फिल्म. येत्या सोमवारी ती लहान मुलांच्या चित्रपट महोत्सवाला पाठवायची होती. आणि आज होता मंगळवार.

"कॉपी ठेवली होतीत कुठे?" डॉक्टरने विचारलं.

"ठेवली होती ना! या डिस्कवर. कायम जोडलेली असायची."

"कायम जोडलेली..." तो पुटपुटला. ते ऐकूनच तिला कळलं. चोराने ज्या हाताने कॉम्प्युटरला कुलूप लावलं, त्याच हाताने जोडलेल्या डिस्कलाही लावलं होतं.

त्याने स्वतःचा लॅपटॉप आणला. बाबांनी फोनवर काढून ठेवलेला धमकीचा फोटो पाहिला, कुलूप लागलेली एक फाइल वेगळी काढून तपासली. "अशा व्हायरसच्या काही जातींच्या किल्ल्या तज्ज्ञ मंडळी शोधून काढतात आणि फुकट देऊन टाकतात. आपली जात कोणती ते बघू."

तिघं त्याच्या खांद्यामागे उभे. स्क्रीनवर एक चक्र फिरत राहिलं. खारूने नकळत त्याच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

चक्र थांबलं.

"सांगा ना..."

"या जातीची किल्ली अजून निघालेली नाही."

खारू मागच्या खोलीत निघून गेली. तो दारापाशी आला. टेबलावर साळिंदर एक पाय उचलून उभं होतं, कधीचं.

"हेच का ते?" त्याने हळूच विचारलं. "याचे कान कशाचे केलेत?"

"वाटाण्याच्या सालीचा साचा घेऊन..." ती बोलता बोलता थांबली. "तुम्ही कानांचं काय विचारताय? सगळं गेलं माझं!"

"विचारतोय, कारण कान इतके बारीक आहेत म्हणजे फोटो फोनने काढलेले नसणार. कॅमेऱ्याने काढले असणार."

"मग?"

"मग कॅमेऱ्याची कार्डं कुठायत?"

"पुसली मी. सीन कॉम्प्युटरवर घेतला की कार्ड पुसून ठेवते आणि पुढचं घेते."

त्याचे डोळे चष्म्याआड चमकले. "खारू, पुसलं की जात नाही! कार्ड फक्त अनुक्रमणिका फाडून टाकतं. पानं आत तशीच राहतात, त्यांवर दुसरं काही लिहीपर्यंत. किती कार्डं आहेत? आणा! सगळी आणा!"

आपल्याला त्याने 'खारू' म्हटलं, हे तिला ड्रॉवर उपसताना, कार्डांसाठी पेनांचा डबा उलटा करताना, पलंगाखाली रांगतानाही ऐकू येत होतं.

पहिलं कार्ड लॅपटॉपमध्ये गेलं. बराच वेळ काहीच नाही... आणि मग स्क्रीनच्या कोपऱ्यात टिकलीएवढं एक चित्र उमटलं. काटे. दुसरं चित्र. काटे आणि कान. तिसरं, चौथं, मग पाऊसच! साळिंदर झोपलेलं, साळिंदर जांभई देताना, साळिंदर फुग्याकडे बघताना...

"आई! बाबा! आलं! परत आलं!" खारू उड्या मारत होती. आनंदाच्या भरात तिने डॉक्टरच्या दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवलं, आणि भानावर आल्यावर एकदम सोडून दिलं. त्याच्या शर्टवर मातीची दहा बोटं उमटली होती.

"धुतला की जाईल हं..." ती म्हणाली.

"नाही धुणार," तो म्हणाला, आणि घाईघाईने पुढचं कार्ड लावायला लागला.

पुढचे चार दिवस हॉस्पिटलातून सुटला की तो थेट इकडे. कुलूप लागलेल्या डिस्क त्याने बाजूला काढून ठेवल्या. किल्ली निघालीच कधी, तर उपयोगी पडतील. सीपीयूत नवी डिस्क घातली, सगळं कोरं करकरीत करून पुन्हा बसवलं. बाबांसाठी वेगळं खातं उघडलं, ज्यातून कोणताही प्रोग्रॅम परवानगीशिवाय बसणार नाही. फाइलचं नाव शेपटीसकट पूर्ण दिसेल असं केलं, म्हणजे बिलाचं सोंग घेऊन कोणी आलं की शेपटीवरून ओळखता येईल. बाबा तर इतके तयार झाले की बँकेच्या खऱ्या मेललाही "आधी तू कोण ते सांग" म्हणायला लागले. आणि फिल्मच्या दोन कॉपी: एक नेटवर, दुसरी अशा डिस्कवर जी काम झालं की काढून आईच्या कपाटात साड्यांखाली जाणार.

"तिथे चोरच काय, तुझे बाबाही हात घालत नाहीत," आई म्हणाली.

सगळे सीन मिळाले. एक सोडून. शेवटचा.

त्या कार्डावर त्याऐवजी निघाले आईच्या कुंड्यांचे फोटो, ढिगाने.

"बाई गं! माझी जास्वंद नडली?" आईने कपाळाला हात लावला.

खारूने साळिंदराकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. "एकटीने नाही होणार सोमवारपर्यंत."

"एकटीने करा कोण म्हणतंय?" डॉक्टरने बाह्या सरसावल्या.

*

रविवारची सकाळ. पडदे ओढलेले, दोन दिवे लावलेले. सीन असा: साळिंदर हार मानून डोळे मिटून बसतं, आणि फुगा आपणहूनच खाली येतो. जिथे एकही काटा नाही, तिथे टेकतो. त्याच्या नाकावर.

फुगा बारीक तारेवर होता. तार डॉक्टरच्या हातात.

"एक केस खाली," ती म्हणायची. क्लिक. "अजून एक केस."

"तुमचा केस की माझा? माझे जरा जाड आहेत."

"हसवू नका! कॅमेरा हलतो." क्लिक.

"श्वास घेतला तर चालेल?"

"फोटो झाल्यावर घ्या."

दोघं टेबलावर वाकलेले, डोकी जवळजवळ टेकलेली. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं. फुगा नाकापासून बोटभरावर आला, मग अर्ध्या बोटावर. खारूच्या कपाळावरची बट सुटून पुढे आली. डॉक्टरचा मोकळा हात ती सारायला वर आला, आणि तार थरथरली.

"अरे, हलू नकोस ना!" ती ओरडली.

त्याने तार सावरली.

"मला 'अरे' म्हणालात," तो हळूच म्हणाला.

"...चुकून."

"परत एकदा चुका ना."

तिचे कान तापले. कॅमेऱ्यात डोळा घालून ती म्हणाली, "गप्प बस. एक केस खाली घे."

त्याने घेतला. फुगा साळिंदराच्या नाकावर टेकला. क्लिक.

संध्याकाळी आईबाबांना मध्ये बसवून त्यांनी तो सीन चालवून पाहिला. फुगा तरंगत तरंगत उतरला, नाकावर टेकला आणि साळिंदराने एक डोळा उघडला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, आणि खारूच्या डोक्यावर थोपटलं. मग डॉक्टरच्याही.

सोमवारी फिल्म गेली.

*

मंगळवारी संध्याकाळी तो पुन्हा आला. नवा प्रिंटर चालत नाहीये, असा निरोप होता. खाली वाकून त्याने वायर लावली, प्रिंटर गुरगुरला. तो उठून दारापाशी आला. ती मागोमाग.

"झालं. आता सगळं ठणठणीत आहे," तो म्हणाला. "म्हणजे... माझं आता इथे काही काम उरलं नाही."

"हो ना..."

"एक सांगू? गुरुवारीच झालं होतं सगळं. शुक्रवार, शनिवार मी नुसता तपासल्यासारखं करत होतो."

"माहीत होतं मला." ती पायाच्या अंगठ्याने पायपुसणं सरळ करत होती. "प्रिंटरची वायर मीच काढली होती."

"दिसलं मला. गुंडाळून, रबर लावून ठेवली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो, तर पुन्हा बोलावलं असतंस?"

दोघंही हसले. मग हसू ओसरलं.

"खारू," तो म्हणाला, "मला तू खूप आवडतेस. अगदी लिफ्टमध्ये सरकली नाहीस ना, तेव्हापासून. घाईने उत्तर देऊ नकोस. विचार कर, हवा तेवढा..."

"उद्या ये."

"उद्या? काही बिघडलंय का?"

"नाही रे वेड्या. काहीच बिघडलेलं नाही." तिने त्याचा हात धरला. "तरी ये. परवाही ये."

तो उलटा चालत, तिच्याकडे बघत, हळूहळू हात सोडवत स्वतःच्या दारापर्यंत गेला. त्याने दार उघडलं. पण आत गेला नाही. तीही उंबऱ्यात तशीच. समोरासमोर दोन उघडी दारं, आणि आधी कोणीच लावेना.

"अगं, डास शिरतायत घरात!" आतून आईचा आवाज आला. "एक तर त्याला आत घे, नाहीतर दार लाव!"

खारूने दोन ढांगांत मधली मोकळी जागा ओलांडली, त्याचं मनगट धरलं, आणि आपल्या घराचं दार लावलं.

त्याला आत घेऊन.